रतनकाकूंचा पासवर्ड

सूर्य मावळला की रतनकाकू राउटर बंद करायच्या. आधी स्वतः शेवटचं पाणी प्यायच्या, तांब्या पालथा घालायच्या आणि मग जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर बसवलेल्या त्या पांढऱ्या डबीचं बटण दाबायच्या. मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला आलो त्याच संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर काहीतरी उतरत होतं, ते अर्ध्यातच थांबलं. मी धावत जिना चढून वर गेलो आणि नेट गेल्याचं सांगितलं.

"गेलं नाई, मीनं बंद केलं," काकू म्हणाल्या. "माह्या घरात सूर्य बुडाल्यावर कोनी खात नाई, कोनी पेत नाई. त्यालेही चौविहार."

"पन काकू, ते कुठी काय खाते?"

"रातभर पाहून राह्यली मी लोकायले. सगळ्यात जास्त तेच खाते."

मी खाली येऊन पुस्तक उघडलं. पुढची दोन वर्षं माझ्या संध्याकाळी अशाच गेल्या आणि खरं सांगायचं तर त्या काळात माझं वाचन बरंच वाढलं.

शेलूबाजारच्या हमरस्त्याला लागून असलेल्या गल्लीत काकूंचं दुमजली घर. काका होते तोवर खाली कापडाचं दुकान चालायचं. ते गेल्यावर दुकान बंद झालं आणि मागची खोली भाड्याने द्यायची ठरली. मी किन्हीराजा गावचा, मंगरूळपीरला एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत कामाला होतो. एकटा माणूस, दारू नाही, मटण नाही, एवढं पाहून काकूंनी मला ठेवून घेतलं. त्यांची एकुलती एक मुलगी संगीता पुण्याला असते. आईशी रोज तोंड पाहून बोलता यावं आणि आईला महाराजसाहेबांची प्रवचनं ऐकता यावीत म्हणून तिनेच हे वायफाय बसवून दिलं होतं.

बसवायला आलेल्या माणसाला काकूंनी तीन तास सोडलं नाही म्हणे. प्रत्येक दिवा कशाचा, प्रत्येक तार कुठे जाते, सगळं विचारून घेतलं. तो बिचारा इतका टेकीला आला की पासवर्ड कसा बदलायचा आणि आपल्या नेटवर कोण कोण आहे त्याची यादी कुठे दिसते, तेही दाखवून गेला. सत्तरीच्या बाईला याचं काय करायचंय, असं त्याला वाटलं असेल. काकू रोज सकाळी टॅबलेटवर ती यादी उघडायच्या आणि मला जिन्यातून ओरडून सांगायच्या, "आज चार जन. तू, तुहा फोन, माही टॅबलेट अन् टीव्ही. बरोबर."

माझा लॅपटॉप जोडायचा होता तेव्हाची गोष्ट. मी सरळ पासवर्ड विचारला. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिजोरीची किल्ली मागितली. "सांगत नसते मी. जोडून देते." मग हात धुऊन, पदराला पुसून त्या माझ्या खोलीत आल्या, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एका बोटाने टकटक करत बसल्या. पहिल्यांदा चुकलं. "पुन्हा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. दुसऱ्यांदाही चुकलं. मी भिंतीवरची पाल पाहत उभा. तिसऱ्या वेळी जोडलं गेलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पानी गाळून पेतो ना आपन? मंग हे बिनगाळलं कायले सोडाचं घरात?"

काकूंना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. लॅपटॉप एकदा जोडला गेला की त्याच्या पोटात जाऊन तो पासवर्ड वाचता येतो. मी तो वाचला. निव्वळ उत्सुकता, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. काकांचं नाव आणि त्यापुढे काही आकडे होते. ते पाहून मला लाज वाटली, कोणाची ट्रंक उघडून पाहिल्यासारखी. पण लाज वाटणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. पुढे महिनाभराने समोरच्या कटिंगच्या दुकानातल्या गजाननभाऊने क्रिकेटची मॅच पाहण्यापुरतं नेट मागितलं आणि मी तो पासवर्ड त्याला देऊन टाकला. मला कोणाला तरी काहीतरी देता येतं, एवढीच काय ती मौज. गजाननभाऊने तो पुढे कोणाकोणाला दिला ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी, श्रावणात, मला एक पत्र आलं. एका सरकारी संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायकाची कायम जागा होती आणि मुलाखतीच्या यादीत माझं नाव होतं. नऊ वर्षं मी कंत्राटावर काढली होती. वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. मुलाखत ऑनलाइन होती, सकाळी साडेदहाला, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मोबाईल चालणार नाही, कॅमेरा असलेला संगणक पाहिजे. प्रयोगशाळेत मालकासमोर बसून तर मी ती देऊ शकत नव्हतो. काकूंना चार दिवस आधीच सांगून ठेवलं. "दे बाप्पा," त्या म्हणाल्या. "दिवसाचीच हाये ना? मंग काई अडचन नाई."

मुलाखतीच्या दोन दिवस आधी हमरस्त्यावर खोदकाम करताना कुठलीतरी तार तुटली आणि गावातल्या फोनांची रेंज गेली. काकूंचं नेट दुसऱ्या तारेने खांबावरून यायचं, ते चालू होतं. मला हायसं वाटलं. मुलाखतीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, दहाला पाच कमी असताना लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर अक्षरं आली की पासवर्ड चुकीचा आहे.

काकूंच्या नेटचं नाव समोर दिसत होतं. पट्ट्या पूर्ण भरलेल्या, शेजारी ते छोटं कुलूप. मी जुना पासवर्ड हाताने टाकला. चुकीचा. पुन्हा सावकाश, एकेक अक्षर पाहून टाकला. चुकीचा. लॅपटॉप बंद करून चालू केला, त्यात चार मिनिटं गेली. मग जिना चढून वर गेलो.

काकू सामायिकेला बसल्या होत्या. जैन घरात राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं. उठायचं नाही, संसाराची गोष्ट करायची नाही, विजेच्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. पांढरी साडी, तोंडाला मुहपत्ती, हातात माळ, आणि समोर वेळ मोजायची रेतीची घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ. मी त्या घडीकडे पाहिलं. वरची बाजू जवळजवळ भरलेलीच होती. म्हणजे पावणेअकरापर्यंत काकू उठणार नव्हत्या.

तिथे बोलण्याची माझी छाती झाली नाही. खाली आलो आणि अंदाजाने पासवर्ड टाकायला लागलो. संगीताताईचं नाव, काकांचं नाव उलटसुलट आकड्यांनी, काकूंच्या गुरूंचं नाव. सगळे चुकीचे. दहा वाजून दहा मिनिटं झाली. फोन घेऊन गच्चीवर गेलो, हात उंच करून चारी कोपरे फिरलो. एक दांडी यायची आणि पाहता पाहता जायची. मग लॅपटॉप बगलेत मारून रस्त्यावर आलो. गजाननभाऊ दुकानाच्या दारात हातात वस्तरा घेऊन उभा होता.

"रेंज हाये का तुह्या फोनले?" मी विचारलं.

"नाई ना. अन् सकाळपासून तुह्या काकूचं नेटबी बंद पडलं बाप्पा. सगळ्यायचंच पडलं." त्याने दुकानात बाकावर बसलेल्या चौघांकडे बोट दाखवलं. चौघांच्याही हातात फोन होते.

तेव्हा मला कळलं. काकूंनी सकाळी यादी पाहिली असणार. एरवी मॅचपुरते येणारे सगळे रेंज गेल्यापासून तिथेच होते; चारऐवजी आठ-नऊ जण दिसले असणार. म्हणजे हे कुलूप मीच लावून घेतलं होतं.

दहा वीसला मी पुन्हा वर गेलो आणि उंबऱ्यापाशी उभा राहिलो. काकूंचे डोळे मिटलेले. रेती पडत होती. मी चप्पल काढली, हात जोडले, आणि मला जमेल तितक्या हळू आवाजात बोललो.

"काकू, गजाननभाऊले पासवर्ड मीनं देल्ला. तुमी सांगतला नव्हता, मीनं लॅपटॉपातून काढून पाह्यला. चूक माही हाये. पन साडेदहाले माही मुलाखत हाये काकू. पुढच्या वर्षी माह्यं वय बसत नाई."

माळेवरचं बोट थांबलं. मग बोट पुढच्या मण्यावर सरकलं, त्याच्या पुढच्या मण्यावर सरकलं. डोळे उघडले नाहीत.

मी खाली येऊन लॅपटॉपसमोर बसलो. काही करायचं उरलं नव्हतं. कोपऱ्यातल्या घड्याळात साडेदहा झाले, एकतीस झाले, बत्तीस झाले. मला नऊ वर्षांतले सगळे मातीचे नमुने आठवायला लागले, एकेका गावाची चिठ्ठी लावलेल्या त्या कापडी पिशव्या. वडिलांना काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. खरं तर मला काकूंचा राग यायला लागला होता. चूक माझी, हे मघाशी हात जोडून कबूल केलं होतं, तरीही. माणसापेक्षा मोठी कसली आली सामायिक, असं मी चक्क मोठ्याने म्हणालो.

दहा छत्तीसला जिन्यावर पावलं वाजली. काकू खोलीत आल्या. मुहपत्ती तशीच तोंडाला, माळ तशीच मनगटाला. त्यांनी मला भिंतीकडे वळायला सांगितलं नाही, पण मी आपोआप वळलो. मागे टकटक सुरू झाली. एका बोटाने, सावकाश. एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली. मग खुर्ची सरकली. मी वळून पाहिलं तेव्हा लॅपटॉप जोडला गेला होता आणि काकू जिना चढत होत्या. वर जाऊन त्यांनी रेतीची घडी उलटी केली आणि अठ्ठेचाळीस मिनिटं पहिल्यापासून सुरू केली, हे मला मागाहून कळलं.

मी मुलाखतीच्या दुव्यावर गेलो. एका बाईंचा आवाज आला, "थांबा, आधीच्या उमेदवाराचं अजून सुरू आहे." मी बारा मिनिटं थांबलो. माझा उशीर कोणाला कळलासुद्धा नव्हता.

मुलाखतीला तिघं होते. सुरुवात बरी झाली. मग मधल्या सरांनी विचारलं, "सेंद्रिय कर्ब काढताना तुम्ही नमुन्यांबरोबर माती नसलेला एक रिकामा फ्लास्कही तपासता ना? तो कशासाठी?" हे मी नऊ वर्षं रोज करत होतो. झोपेतून उठवलं तरी केलं असतं. पण कशासाठी, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, तशी पद्धत आहे." ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानले. त्याच क्षणी मला कळलं होतं की जागा गेली.

दुपारी काकू खाली आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "झालं?"

आणि मी म्हणालो, "उशीर झाला ना काकू."

एवढं एकच वाक्य. मला ते बोलायचं होतं असं नाही. रिकाम्या फ्लास्कची आग आत पेटलेली होती आणि ती कुठेतरी फेकायची होती. काकूंचा चेहरा उतरला. भिंतीला हात धरून त्या जिना चढल्या. आठवड्याभराने निकाल लागला, त्यात माझं नाव नव्हतं. काकूंनी विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण आलं. काकूंनी त्या वर्षी उपास जास्तच केले. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी वर्षभरात ज्याचं मन दुखवलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतात. बरेच लोक आता फोनवर एक चित्र सगळ्यांना पाठवून मोकळे होतात. काकू मात्र पायी फिरायच्या. त्या संध्याकाळी त्या माझ्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. उपासाने ओठ सुकलेले, हात जोडलेले. भाडेकरूपुढे, मुलाच्या वयाच्या माणसापुढे.

"विलास, मले एक सांगाचं हाये. माही सामायिक पहाटेच झाली होती त्या दिवशी. मंग यादी पाह्यली, नऊ जन दिसले. राग आला मले. तुही मुलाखत ध्यानात होती माह्या. पासवर्ड बदलला अन् मुद्दाम दुसऱ्यांदा बसली. तू येशीन, दारात उभा राह्यशीन, अन् मी डोये मिटून राह्यन, असं मनात घेऊन बसली."

"पन तुमी सामायिक मोडून खाली आल्या ना काकू," मी म्हणालो.

"मोडली नाई म्या. ती लागलीच नव्हती. सामायिक म्हंजे मन सारखं ठेवाचं. माह्यं मन तर चुलीवर होतं. तू तिथी उभा राहून खरं बोलला, तवा मले समजलं मी काय करून राह्यली. पन राग गिळून उठली तवरक उशीर झाला. तुही नोकरी गेली माह्या रागापायी." "मिच्छामि दुक्कडम्."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. काकू, उशीर झालाच नव्हता. मला उत्तर आलं नाही, म्हणून गेली. दोन वाक्यं. पण समोर हात जोडून उभी असलेली म्हातारी, आणि आपण क्षमा करणारे. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला तरी क्षमा करायला मिळत होती. मी मोठ्या मनाच्या माणसाचा चेहरा केला आणि म्हणालो, "जाऊ द्या काकू. असू द्या." मी इतका हलका माणूस असेन, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

त्यानंतर काकू बदलल्या. नवा पासवर्ड त्यांनी कागदावर लिहून माझ्या हातात दिला. संध्याकाळी तांब्या पालथा घातल्यावर बटणापाशी जाऊन त्या थांबायच्या आणि वरून विचारायच्या, "तुह्यं काम हाये का? असू दे मंग चालू." ज्या बाईने मुलीसाठीही तो नियम मोडला नव्हता, ती माझ्यासाठी मोडत होती. नोकरीच्या जाहिराती टॅबलेटवर शोधून शोधून दाखवायच्या. त्यातल्या एकीतही माझं वय बसत नव्हतं. प्रत्येक वेळी सांगून टाकावं असं वाटायचं आणि प्रत्येक वेळी कालच सांगायला हवं होतं, आता कसं सांगायचं, असंही वाटायचं.

पौषात काकूंच्या फुप्फुसात पाणी झालं. संगीताताई येऊन त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. चार दिवसांनी मी भेटायला गेलो. ताई औषधं आणायला खाली गेली होती. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्या वाशीमवाल्या जागेचा अर्ज भरला का?"

मग मात्र मला राहवलं नाही. खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. बारा मिनिटं थांबावं लागलं ते, रिकाम्या फ्लास्कचा प्रश्न, माझं उत्तर, दुपारचं ते वाक्य, आणि संवत्सरीच्या दिवशी मी गप्प राहिलो ते. काकू ऐकत होत्या.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. दम लागत होता, तरी आवाज जुना होता, बटण दाबतानाचा. "पाच महिने जाळलं तू मले. उपास केले मी तुह्या नोकरीसाठी. कायले केलं असं?"

"माफ करा काकू." मी हात जोडले.

"आता नाई." त्यांनी तोंड फिरवलं. "आता राग आला हाये मले. रागात देल्ली माफी खोटी असते. संवत्सरीले ये. तवा पाहू."

खरं सांगतो, पाच महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. परत निघालो तेव्हा त्या झोपल्या होत्या.

अकरा दिवसांनी काकू गेल्या. संगीताताई घराची आवराआवर करायला आली तेव्हा मी कपाटं उतरवायला वर गेलो. बोलता बोलता ती म्हणाली, "आई शेवटी काहीबाही बोलायची. एकदा तर मला दिनदर्शिका काढायला लावली. या वर्षी संवत्सरी कोणत्या दिवशी येते ते पाहा, म्हणाली. मी सांगितलं तर बोटांवर महिने मोजत बसली. इतके दिवस निघतील का गं, म्हणून दोनदा विचारलं. मला वाटलं, उपास राहतील याची काळजी असेल."

मी हातातली पेटी खाली ठेवली. ताईला बसायला सांगितलं, आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.